पत्ता चुकलेला सोनटक्का



गणपती जवळ आले की इथल्या मराठी घरांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. "कुंडीतला सोनटक्का पुरुषभर वाढलाय, पानं हिरवीगार आहेत, पण फुलायचं नाव नाही." कुणी खत बदलतं, कुणी कुंडी बदलतं, कुणी वैतागून झाडच बदलतं. या तक्रारीचं अर्धं उत्तर बागकामाच्या पुस्तकात सापडतं. उरलेलं अर्धं इतिहासात आहे, आणि ते जास्त रंजक आहे. म्हणून आज सोनटक्क्याचा इतिहास.

आधी थोडी ओळख. सोनटक्का हा आल्याच्या भावकीतला. आलं, हळद, आंबेहळद, वेलदोडा ही सगळी त्याची चुलत भावंडं. शास्त्रज्ञ त्याला हेडिकियम कोरोनॅरियम म्हणतात. हेडिकियम म्हणजे ग्रीक भाषेत 'गोड बर्फ', फुलाच्या वासावरून आणि रंगावरून. कोरोनॅरियम म्हणजे माळेचं, मुकुटाचं. आपण मात्र त्याच्या नावात सोनं घातलं, आणि फूल निघालं पांढरंशुभ्र!

या हेडिकियमचे अनेक प्रकार आहेत, आणि त्यातला एक आपल्या घरात दर दिवाळीला येतो. उटण्याच्या पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं साहित्य वाचून बघा. त्यात बहुतेक वेळा 'कपूरकाचरी' असते. हिमालयात वाढणाऱ्या सोनटक्क्याच्या एका भावंडाचा तो वाळवलेला सुगंधी गड्डा. म्हणजे अभ्यंगस्नानाला आपण सोनटक्क्याचा भाऊच अंगाला लावत असतो.

आता महाराष्ट्रातला सोनटक्का डोळ्यांसमोर आणा. कोकणात किंवा जुन्या वाड्यांत तो कुठे असायचा? परसदारी, न्हाणीचं पाणी जिथे वाहून जातं तिथे. एका बाजूला अळू, एका बाजूला कर्दळ, आणि मध्ये सोनटक्का. त्याला कुणी मुद्दाम खतपाणी करत नसे. बारा महिने ओल, डोक्यावर माडाची किंवा फणसाची सावली, आणि पायाशी कुजलेला पाचोळा. पावसाळ्यात कळ्यांचे तुरे यायचे, संध्याकाळी फुलं उमलायची आणि अंगणभर वास पसरायचा. हा वास मुळात आपल्यासाठी नाहीच. तो रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे. फुलाच्या लांबट नळीच्या तळाशी मध असतो आणि लांब सोंडेचे पतंग तिथपर्यंत पोचतात. अंधारात दिसावं म्हणून रंग पांढरा, आणि लांबून कळावं म्हणून हा वास.

पण हा परसदारचा सोनटक्का मूळचा कोकणातला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचं मूळ घर पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या पट्ट्यात मानतात. आपल्याकडे तो माणसांच्या हातून आला आणि रमला. हे सहज घडलं त्याचं कारण त्याचा गड्डा. जमिनीखाली दिसतं ते त्याचं मूळ नसतं, ते आडवं वाढणारं खोड असतं. त्यात अन्न साठवलेलं असतं आणि डोळे झोपलेले असतात. एक तुकडा गोणपाटात गुंडाळा आणि काही आठवडे प्रवास करा. पुढच्या गावी ओल मिळाली की तो डोळा जागा होतो. आलं आणि हळद जगभर पोचली ती याच युक्तीने. सोनटक्काही त्याच वाटेने गेला. फक्त त्याच्या बाबतीत प्रवासात एक गोष्ट हरवली, ती म्हणजे त्याचा खरा पत्ता. आजची सगळी गोष्ट या हरवलेल्या पत्त्याची आहे.

झाडाची माहिती कशी टिकते याचं एक चांगलं उदाहरण आधी सांगतो. सतराव्या शतकात केरळच्या किनाऱ्यावर डच कंपनीचा व्हान ऱ्हीडे नावाचा अधिकारी होता. त्याने मलबारातल्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. आल्याच्या भावकीतल्या कितीतरी वनस्पती त्यात आहेत. हे काम ज्यांच्या ज्ञानावर उभं राहिलं, त्यांत इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्या तिघांनी कोकणीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्याच खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. झाडाचं स्थानिक नाव, ते कुठे वाढतं, कशाला उपयोगी पडतं, हे सगळं सांगणाऱ्या माणसांसकट नोंदलं गेलं.

शंभर वर्षांनी सोनटक्क्याची पाळी आली तेव्हा पद्धत बदलली होती. योहान गेर्हार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य. तो १७६८ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. पुढे अर्काटच्या नवाबाकडे आणि मग ईस्ट इंडिया कंपनीकडे निसर्गतज्ज्ञ म्हणून राहिला. सयाम आणि मलाक्कापर्यंत तो हिंडला. त्याने केलेलं सोनटक्क्याचं वर्णन १७८३ मध्ये स्वीडनमधल्या रेट्झिउस या प्राध्यापकाच्या ग्रंथात छापलं गेलं आणि फुलाला शास्त्रीय नाव मिळालं. या कथेत झाड दाखवणारी, त्याला आपापल्या भाषेत नाव देणारी माणसं मात्र दिसत नाहीत.

आता येऊ आपल्या ओळखीच्या शहरात, लिव्हरपूलला. विल्यम रॉस्को हे नाव तिथल्या मंडळींनी ऐकलं असेल. वडिलांचा भाजीचा मळा होता, आणि लहानपणी रॉस्को स्वतः बटाटे डोक्यावरून बाजारात नेत असे. पुढे तो वकील झाला, बँकेत भागीदार झाला, इतिहासकार म्हणून नावाजला. गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या शहरातून तो १८०६ मध्ये खासदार म्हणून निवडून आला आणि १८०७ मध्ये त्याने त्याच व्यापाराविरुद्ध मत दिलं. गावी परतल्यावर त्याचं स्वागत दंगलीने झालं आणि खासदारकी गेली. पुढे बँक बुडाली, १८२० मध्ये तो दिवाळखोर ठरला. आमच्या एमबीएच्या वर्गात अशा माणसाची केस स्टडी 'अपयश' या सदरात गेली असती.

पण हा माणूस ज्या गोष्टीत कायमचा टिकून राहिला ती म्हणजे आल्याची भावकी. १८०२ मध्ये लिव्हरपूलला जी वनस्पती बाग स्थापन झाली, तिच्यामागे रॉस्को होता. आणि दिवाळं निघाल्यानंतर, सत्तरी ओलांडल्यावर, १८२४ ते १८२८ या काळात त्याने आल्याच्या भावकीवर एक भव्य सचित्र ग्रंथ काढला. त्यात ११२ रंगीत चित्रं होती. काही त्याच्या सुनेने, मार्गारेटने काढली होती. छापलेल्या प्रती जेमतेम दीडशे. हिमालयातल्या एका सुंदर फुलझाडाला आज 'रॉस्कोइया' म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

लिव्हरपूलला ही झाडं पाठवत होतं कोण? कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख नथॅनियल वॉलिख. हा मूळचा डॅनिश शल्यवैद्य. सेरामपूरची डॅनिश वसाहत इंग्रजांनी घेतली तेव्हा तो त्यांच्या कैदेत पडला आणि पुढे त्यांच्याच नोकरीत चढत गेला. याच सुमारास, १८१४ ते १८१६ मध्ये, इंग्रज आणि नेपाळचं युद्ध झालं. तहानंतर काठमांडूच्या दरबारात एडवर्ड गार्डनर हा इंग्रज रेसिडेंट आला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, पुण्यात पेशवाई संपली. गार्डनर काठमांडूहून वॉलिखला झाडं पाठवू लागला, आणि १८२० मध्ये वॉलिख स्वतः नेपाळला गेला.

तिथून सोनटक्क्याचं एक देखणं भावंड बाहेर पडलं. पिवळ्या फुलांचा हातभर तुरा, आणि त्यातून बाहेर डोकावणारे तांबडे केसर. वॉलिखने त्याला या कुळाची राणी मानलं आणि गार्डनरचं नाव दिलं. हेडिकियम गार्डनेरियानम हे नाव १८२४ मध्ये छापलं गेलं.

आणि इथेच पत्ता चुकला. नेपाळच्या डोंगरातलं झाड कलकत्त्याला आलं, कलकत्त्याच्या धक्क्यावरून जहाजात चढलं, आणि इंग्लंडमध्ये उतरलं तेव्हा त्याच्यावर कलकत्त्याचा दमट उकाडा जणू शिक्क्यासारखा बसलेला होता. माळ्यांनी हिशेब केला: हिंदुस्थानातलं झाड, म्हणजे उष्ण प्रदेशातलं, म्हणजे त्याला भट्टीसारखी ऊब हवी. काठमांडूभोवतीच्या डोंगरांत हिवाळ्याच्या रात्री दहिवर गोठतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, माल कुठून निघाला हे न विचारता शेवटच्या थांब्याचा डेटा खरा मानला.

एकोणिसावं शतक हे काचघरांचं शतक. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टनने १८३६ ते १८४१ या काळात जे महाकाय काचघर उभारलं त्याला नावच होतं 'ग्रेट स्टोव्ह', म्हणजे मोठी भट्टी. कोळसा नेण्यासाठी जमिनीखालून बोगदा केला होता. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि मध्यम ऐपतीच्या घरांनाही छोटी काचघरं परवडू लागली. आल्याच्या भावकीतली बहुतेक झाडं अशाच उबेत, कोळसा जाळून वाढवली जात होती. ज्यांना थंडी लागते त्यांचं ठीक होतं. ज्यांना डोंगरातला गारवा आणि हिवाळ्याची झोप हवी होती त्यांची उगाच काहिली झाली.

पॅक्स्टनच्याच हाताखालच्या एका माळ्याने हा समज थोडा हलवला. त्याचं नाव जॉन गिब्सन. १८३५ मध्ये त्याला चॅट्सवर्थहून झाडं आणायला हिंदुस्थानात पाठवलं गेलं. तो कलकत्त्यात वॉलिखला भेटला आणि मग खासी टेकड्यांत हिंडला. तिथल्या पावसात आणि धुक्यात झाडं कशी वाढतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. पुढे तो लंडनच्या बॅटरसी पार्कचा प्रमुख झाला आणि १८६४ मध्ये त्याने तिथे उष्ण देशांतल्या झाडांची उघड्यावरची बाग केली. थंड वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, उन्हाळ्यात बाहेर काढायचं आणि थंडीच्या आधी आत न्यायचं. लोक ती बाग बघायला गर्दी करत. आपल्यापैकी कुणी त्या पार्कात फिरायला गेलात तर तो आडोशाचा कोपरा जरूर बघा.

मोठ्या काचघरांचा शेवट मात्र युद्धाने केला. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, चॅट्सवर्थच्या 'भट्टी'तली झाडं थंडीने मेली, आणि १९२० मध्ये ते काचघर सुरुंग लावून पाडलं गेलं. त्यानंतर जे झाड कोळशाशिवाय जगेल तेच सामान्य माणसाच्या बागेत टिकणार होतं. १९३८ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्डने आसामच्या डोंगरातून नारिंगी फुलांचा एक हेडिकियम आणला. तो आज 'आसाम ऑरेंज' या नावाने मिळतो. पुढे वेकहर्स्टच्या बागेचे प्रमुख टोनी शिलिंग यांनी नेपाळमधून आणलेल्या दोन वाणांना आपल्या मुलांची नावं दिली: 'स्टीफन' आणि 'तारा'. हे तिन्ही वाण इंग्लंडच्या दक्षिणेत थोड्या पांघरुणावर उघड्या जमिनीत हिवाळा काढतात. शंभरेक वर्षांनी पत्ता दुरुस्त झाला तो असा.

पण पत्ता चुकण्याची दुसरीही बाजू आहे आणि ती जास्त गंभीर आहे. इंग्लंडमध्ये ज्याला जपावं लागलं, ते झाड ऊबदार आणि ओलसर बेटांवर कुणालाच ऐकेना. गार्डनरचं पिवळं झाड हवाईला पोचलं. तिथे त्याला 'काहिली' म्हणतात, हवाईच्या राजांपुढे चालवल्या जाणाऱ्या पिसांच्या निशाणावरून. आपल्या काहिलीशी त्याचा काही संबंध नाही. ते तिथल्या जंगलात शिरलं. गड्ड्यांचा असा जाड गालिचा तयार होतो की खाली दुसरं रोप रुजत नाही, आणि पक्षी त्याच्या बिया आणखी लांब नेतात. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर तेच झालं. तिथल्या साओ मिगेल या एकाच बेटावर 'प्रिओलो' नावाचा एक छोटा पक्षी राहतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याचं जंगल वाचवायला माणसांना वर्षानुवर्षं हे गड्डे खणून काढावे लागत आहेत. न्यूझीलंडमध्ये हे झाड विकणं, वाढवणं आणि वाटणं कायद्याने बंद आहे. ऑकलंडच्या श्रोत्यांनो, तुमच्यासाठी आजचा भाग फक्त ऐकण्यापुरता! जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची जी शंभरांची प्रसिद्ध यादी आहे, तीत या झाडाचं नाव आहे.

आणि तरीही त्याच कुळातला आपला पांढरा सोनटक्का क्युबाचं राष्ट्रीय फूल आहे, १९३६ पासून. तिथे त्याला 'मारिपोसा', म्हणजे फुलपाखरू म्हणतात. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात स्त्रिया या फुलांच्या वेण्यांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिथे सांगतात. मूळचा आशियातला, पण एका देशाने त्याला आपल्या स्वातंत्र्याची खूण मानलं. एकच कूळ, कुठे राष्ट्रीय फूल, कुठे घुसखोर, कुठे काचघरातला लाडावलेला पाहुणा. फरक झाडात नाही. कुठल्या मातीत, कुठल्या हवेत आणि कोणाच्या लक्षाखाली ते वाढलं, यात आहे.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. इथला सोनटक्का फुलत का नाही?

कारण आपणही तीच चूक उलट बाजूने करतो. हिमालयातल्या भावंडांना थोडा उन्हाळा पुरतो. पांढऱ्या सोनटक्क्याला मात्र कोकणासारखा लांब, ऊबदार आणि ओलसर हंगाम लागतो. इंग्लंडचा उन्हाळा त्याची पानं वाढेपर्यंतच संपतो. कळी धरायची वेळ येते तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो. म्हणून त्याला लवकर जागं करा. फेब्रुवारी-मार्चमध्येच कुंडी घरात, उजेडाच्या आणि उबेच्या जागी ठेवा. जूनमध्ये बाहेर काढा, भिंतीच्या आडोशाला. सप्टेंबरच्या गार रात्री सुरू झाल्या की पुन्हा आत, काचेच्या खोलीत किंवा दक्षिणेच्या खिडकीत. हिवाळ्यात पाणी कमी करा, पण माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका. त्याला न्हाणीच्या पाण्याची सवय आहे, हे विसरू नका.

एवढी उठाठेव नको असेल तर 'तारा', 'स्टीफन', 'आसाम ऑरेंज' यांच्यापैकी एक लावा. वसंतात गड्डा आडवा ठेवा, वर मातीचा पातळ थर द्या. माती कुजलेल्या शेणखताची किंवा पालापाचोळ्याची, ओल धरणारी. उन्हाळाभर भरपूर पाणी, आणि दर पंधरवड्याला टोमॅटोसाठी मिळतं ते पोटॅशचं खत. पहिल्या कडाक्याच्या थंडीत पानं काळी पडली की दांडे कापा आणि वर वीतभर पाचोळ्याचं पांघरूण घाला. कुंडी असेल तर गॅरेजमध्ये ठेवा, जिथे पाणी गोठणार नाही.

आणि धीर धरा. ही मंडळी उशिरा उठतात. एप्रिलमध्ये सगळी बाग हिरवी झाली तरी यांचा पत्ता नसतो. मे उलटून जूनही लागेल. अनेक गड्डे थंडीने मरत नाहीत, माणसाच्या घाईने कचऱ्यात जाऊन मरतात. एका दांड्यावर एकदाच तुरा येतो, म्हणून फुलून गेलेला दांडा कापला तरी चालतो. तीन-चार वर्षांनी, वसंतात डोळे हलू लागले की गड्डा विभागा. प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे हवेत.

शेवटच्या दोन गोष्टी इतिहासाने शिकवलेल्या. पहिली: गावाहून येताना बॅगेत गड्डा आणू नका. लावायच्या रोपांना आणि कंदांना इथे वनस्पती-आरोग्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. मातीच्या एका कणासोबत काय येईल हे विमानात कळत नाही. इथल्या रोपवाटिकांत चांगले गड्डे मिळतात. दुसरी: जास्तीचे गड्डे कालव्याच्या किंवा नदीच्या काठी टाकू नका. शेजाऱ्याला द्या, आणि देताना झाडाबरोबर त्याचा खरा पत्ताही द्या. कुठल्या डोंगरातलं, किती पाण्याचं, किती थंडीचं, एका चिठ्ठीवर लिहून. दोनशे वर्षांपूर्वी अशी एक चिठ्ठी जहाजावर चढली असती तर किती कोळसा वाचला असता!

पुढच्या भागात भेटू. तोवर कुंडीतल्या मातीत बोट घालून बघा, ओल आहे ना? नमस्कार.